कुरव भरपूर आहेत, हे कुणी मोजलं?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली की पाचएक मिनिटांत ते मागे लागतात. आधी दोन-चार, मग वीस-पंचवीस, आणि धक्का नजरेआड होईपर्यंत लाँचीच्या मागच्या अंगाला पांढऱ्या पंखांचं छतच झालेलं असतं. लाँचीवर सगळे त्यांना सीगल म्हणतात. मराठीतलं त्यांचं नाव कुरव. माझं आजोळ रेवसच्या पलीकडचं, त्यामुळे हा प्रवास मी फ्रॉक घालायच्या वयापासून करते आहे. तेव्हा कुरवांना कुणी काही घालत नसे. फार तर एखाद्या आजीने डब्यातल्या भाकरीचा तुकडा भिरकावला तर भिरकावला. आता धक्क्यावरच गाठ्यांच्या पुड्या मिळतात आणि लाँचीतले निम्मे प्रवासी हात वर करून उभे असतात.

गेल्या जानेवारीत माझ्या शेजारी एक बाबा आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला उचलून धरून उभे होते. तिच्या बोटांतली गाठी एका कुरवाने उडता उडता अलगद उचलली आणि पोरगी आनंदाने किंचाळली. बाबा तिला म्हणाले, "किती आहेत बघ! दरवर्षी वाढतातच आहेत." आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. मला त्या वाक्याने अस्वस्थ केलं. बाबांचं काही चुकलं नव्हतं, डोळ्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण कुरव वाढताहेत की घटताहेत हे सांगायला लागणारी शिस्तशीर, वर्षानुवर्षांची मोजणी या लाँचीच्या मार्गावर होत नाही. आणि जे मोजलेलं नाही त्याला आपण बिनधास्त 'भरपूर' म्हणतो, हीच माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांपुढची सगळ्यात मोठी अडचण आहे.

गर्दी आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभं राहून मुंबईची लोकसंख्या वाढली की घटली हे कुणी ठरवत नाही. तिथे माणसं एकवटतात म्हणून ती दिसतात. लाँचीमागचे कुरवही तसेच. एरवी ते सगळ्या बंदरभर विखुरलेले असतात: कुणी खाडीतल्या चिखलावर, कुणी नांगरलेल्या बार्जच्या कठड्यावर, कुणी मासेमारीच्या बोटीमागे. गाठ्यांची पहिली मूठ हवेत उडाली की दूरदूरचे पक्षी एका जागी येतात. उद्या बंदरातले निम्मे कुरव नाहीसे झाले, तरी उरलेले निम्मे लाँचीमागे जमतील आणि तेव्हाही कुणीतरी आपल्या मुलीला म्हणेल, किती आहेत बघ.

त्यात 'कुरव' म्हणजे एकच पक्षी नव्हे. पुढच्या वेळी लाँचीवर असाल तेव्हा हातातली पुडी जरा बाजूला ठेवा आणि जवळ आलेल्या पक्ष्याच्या डोळ्याकडे बघा. तो इतका जवळ येतो की दुर्बिणीची गरज लागत नाही. चोच तांबडी, टोकाला काळसर, पाय तांबडे. हिवाळ्यात डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका. इथपर्यंत सगळे सारखे. पण काहींचा डोळा फिकट, पांढुरका असतो, त्यामुळे नजर जरा रोखलेली वाटते. असा पूर्ण वाढलेला पक्षी पंख पसरतो तेव्हा पंखांच्या काळ्या टोकात पांढरी खिडकी दिसते. हा तपकिरी डोक्याचा कुरव. दुसऱ्याचा डोळा काळाभोर, अंगाने तो किंचित लहान, आणि त्याच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र. हा काळ्या डोक्याचा कुरव. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोघांचीही डोकी गडद होऊ लागतात. तेव्हा नावं पटतात, आणि आता यांची निघायची वेळ आली हेही कळतं.

जातात कुठे? तपकिरी डोक्याचा कुरव जातो मध्य आशियाच्या पठारांवर: तिबेट, पामीर, चीनचं छिंगहाय आणि आपलं लडाख. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्सो मोरिरीच्या काठी त्याची घरटी होतात. काळ्या डोक्याच्या कुरवाची वीण युरोपापासून सायबेरियाच्या पलीकडपर्यंत पसरलेल्या पाणथळींवर होते. म्हणजे एकाच पुडीतल्या गाठीवर झडप घालणाऱ्या दोन पक्ष्यांची घरं वेगळी, वाटा वेगळ्या, आणि त्यांच्यावर येणारी संकटंही वेगळी. मग 'वाढताहेत' म्हणजे यातलं कोण वाढतंय?

२००५ च्या उन्हाळ्यात छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले. सगळ्यात जास्त पट्टकादंब हंस होते, पण त्यांच्यासोबत तपकिरी डोक्याचे कुरवही होते. जगात त्यांच्या वीण होणाऱ्या मोठ्या वसाहती मोजक्याच ठिकाणी आहेत, आणि तिथे एका मोसमात असा घाला पडला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात किती पक्षी परतले? दर हिवाळ्याचे लाँचमार्गावरचे आकडे आपल्याकडे असते, तर ते काढून बघता आलं असतं. आपल्याकडे फक्त "भरपूर असतात हो" एवढी एक आठवण आहे.

इथे हमखास एक मुद्दा मांडला जातो. जगभरच्या प्राण्या-पक्ष्यांची स्थिती ठरवणाऱ्या आययूसीएनच्या लाल यादीत हे दोन्ही कुरव 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सगळ्यात कमी काळजीच्या गटात आहेत. मग कशाला एवढी चिंता? या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ही यादी संपूर्ण जगातल्या एका जातीकडे एकत्र बघते. मुंबई बंदरात काय चाललंय हे ती सांगत नाही, सांगणार असं तिने कधी म्हटलंही नाही. शिवाय तिचे निकष कडक आहेत. घटीच्या निकषावर एखादी जात 'असुरक्षित' ठरायची, तर तिची संख्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, किमान ३० टक्के घटलेली असावी लागते. पाचातला एक पक्षी गेला तरी ती जात कमी काळजीच्याच गटात राहू शकते. आणि घट झाली हे ठरवायला आधीचे आकडे लागतात. जिथे आकडेच नाहीत तिथे तज्ज्ञांना अंदाजावर भागवावं लागतं.

आपल्या देशाचंच बघा. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ते काम मोठं आहे आणि हजारो सामान्य पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभं आहे. पण दीर्घकाळाचा कल सांगता येईल इतकी माहिती त्यातल्या फक्त ३३८ जातींची मिळाली, आणि त्यातल्या ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. उरलेल्या सहाशेंचं काय, ते मोजल्यावरच कळेल.

आम्हा पक्षीवेड्यांचाही यात दोष आहे, आणि तो स्पष्ट सांगायला हवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना आकडा टाकायचा कंटाळा आला तर नुसतं 'एक्स' लिहिण्याची सोय आहे. एक्स म्हणजे पक्षी होता, किती ते मोजलं नाही. एखादा दुर्मीळ पक्षी दिसला की आम्ही त्याची वेळ, जागा, पिसांचा रंग, सगळं टिपतो. कुरवांचा थवा आला की एक्स. मीसुद्धा वर्षानुवर्षं हेच केलं. आज जुन्या नोंदी उघडून बघते तेव्हा सगळे हिवाळे एकसारखे दिसतात: एक्स, एक्स, एक्स. त्यातून कुणाला काहीही काढता येणार नाही.

'भरपूर आहेत' या शब्दांची किंमत काय असते, हे मुंबईइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला कळायला हवं? गिधाडं आठवा. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना मलबार हिलवर घिरट्या घालणारी गिधाडं अजून आठवतात. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातला सगळ्यात जास्त संख्येचा मोठा शिकारी पक्षी असावा असं मानलं जात होतं. त्याला मोजायचं कुणाच्या मनात येणार? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याच्या मुळाशी होतं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण हे लक्षात आलं कसं? बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदच्या दशकात ते परत गेले, पुन्हा मोजलं, आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर हादरा बसला. तो पहिला आकडा नसता तर गिधाडं कमी झाल्यासारखी वाटतात, एवढीच कुजबुज आणखी काही वर्षं चालली असती. गिधाड भरपूर होतं तेव्हा कुणीतरी ते मोजलं, म्हणून ते संपत आल्याचं वेळेत कळलं.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत ब्रिटनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांत हेरिंग गल नावाचा मोठा कुरव लोकांच्या हातातला खाऊ पळवतो, छपरांवर घरटी करतो, वैताग आणतो. गावातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, फार झालेत. आणि तोच पक्षी २००९ पासून त्या देशाच्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. गावांत दिसणारी गर्दी खरी आहे, आणि नैसर्गिक कड्या-कपाऱ्यांवरच्या वसाहती ओस पडत चालल्या आहेत हेही खरं आहे. हे कळलं, कारण १९६९ पासून त्यांनी आपल्या सगळ्या किनाऱ्यावरचे समुद्रपक्षी चार वेळा मोजले. शेवटची मोजणी २०१५ ते २०२१ अशी चालली. किटीवेक या छोट्या कुरवाची तिथली संख्या दोन मोजण्यांच्या मधल्या काळात चाळीस टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली. जगाच्या यादीतही तो २०१७ पासून 'असुरक्षित' आहे. किटीवेक ज्या सँडील नावाच्या बारीक मासळीवर पिल्लं वाढवतो, तिची मासेमारी २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या पाण्यात आणि इंग्लंडच्या ताब्यातल्या उत्तर समुद्रात बंद करण्यात आली. पक्ष्यांसाठी एका मासेमारीवर बंदी आणणं सोपं नसतं. त्यावर शेजारी देशांशी वाद झाला. पण वाद घालायला हातात आकडे होते.

इतकं लांब कशाला, आपल्याच खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघा. ठाण्याच्या खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. शिवडीहून जाणारा सागरी सेतू बांधताना या पक्ष्यांचा विचार करावा लागला. बीएनएचएसच्या मोजणीत २०१९ मध्ये ते एक लाख वीस हजारांच्या घरात निघाले. गुलाबी रंगाचं कौतुक होतंच, पण सरकारी टेबलावर आणि कोर्टात रंग चालत नाही, आकडा चालतो. रोहितांकडे तो आहे. त्याच चिखलावर त्यांच्याच पायाशी बसलेल्या कुरवांकडे आणि सुरयांकडे, म्हणजे टर्न पक्ष्यांकडे, त्या तोडीचा आकडा नाही, म्हणून कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात ते "इतर पक्षी" या दोन शब्दांत उरकले जाऊ शकतात.

आता गाठ्यांबद्दल. २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून मुंबईत केवढं रान उठलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तसलं भांडण मला कुरवांवरून नको आहे. लाँचीवर गाठी उडवणारा माणूस दुष्ट नसतो, मुक्या जिवाच्या तोंडात दोन घास पडावेत ही भावना आपल्या घराघरांत शिकवलेली आहे. आणि विरोध करायचा तर खऱ्या कारणासाठी करावा. "गाठीतल्या मिठाने पक्षी मरतात" असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. कुरव समुद्राचं पाणी पिणारा पक्षी. त्याच्या डोळ्यांच्या वर मीठ वेगळं काढणाऱ्या ग्रंथी असतात, ते खारं पाणी नाकपुड्यांतून बाहेर येतं आणि चोचीच्या टोकावरून थेंबथेंब गळतं. बार्जवर निवांत बसलेल्या कुरवाकडे बघत राहिलात तर तो मान झटकून तो थेंब उडवताना दिसतो.

माझी हरकत वेगळी आहे. तळलेल्या बेसनासाठी शेकडो पक्षी एकमेकांच्या अंगावर पडत एकाच बोटीमागे गोळा होतात. बर्ड फ्लूसारखा आजार पसरायला याहून सोयीची जागा नाही. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर याच आजाराने काही हजार स्थलांतरित पक्षी गेले, तेव्हा हा धोका दूरदेशीचा राहिलेला नाही. पुड्यांचं प्लास्टिक तिथेच पाण्यात जातं. आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हे की, या खाऊमुळे आपली नजर बिघडते. पक्षी आपल्यासाठी येतात असं वाटायला लागतं, आणि दिसते ती गर्दी म्हणजे सुबत्ता असा समज घट्ट होतो. पुड्या विकणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे हे मला माहीत आहे. बंदीचा बोर्ड लावून त्यांना हुसकावण्यात मला रस नाही. त्याच टोपलीत माणसांसाठीच्या शेंगा-चणे खपतात, आणि प्रवाशांनी पक्ष्यांना घालणं सोडलं तर काय विकायचं हे त्या आपल्यापेक्षा लवकर ओळखतील.

मला हवी आहे ती गोष्ट अगदी साधी आहे. लाँचीवरून कुरव मोजा.

समुद्रावरचे पक्षी मोजायचे तर ठरलेल्या रेषेवरून, ठरलेल्या वेगाने, पुन्हा पुन्हा जाणारी बोट लागते. अशी बोट भाड्याने घ्यायची म्हणजे मोठा खर्च, म्हणून अभ्यास रखडतात. आणि मुंबईत अशा बोटी रोज तिकीट काढून सुटतात! भाऊच्या धक्क्याहून रेवस आणि मोरा, गेटवेहून घारापुरी आणि मांडवा. वाट तीच, वेळ तीच. एका बाजूला एक माणूस बसवायचा. दर दहा मिनिटांनी त्याच्या बाजूला पाण्यावर बसलेले, दूर उडणारे आणि लाँचीमागे लागलेले पक्षी वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे. मागे लागलेले पक्षी पुन्हा पुन्हा मोजले जातात, म्हणून ते वेगळेच ठेवायचे. फिकट डोळा किती, काळा डोळा किती, जमेल तेवढं. पुडी फुटण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही. यातून बंदरात एकूण किती कुरव आहेत हे कळणार नाही, तसा दावाही करायचा नाही. पण दरवर्षी एकाच पट्टीने घेतलेलं माप हाताशी येईल, आणि चढ की उतार हे सांगायला तेवढं पुरतं.

कुणी करायचं? बीएनएचएस ही १८८३ पासूनची संस्था गेटवेच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्षी मोजले जातात, ती मोजणी १९८७ पासून चालू आहे आणि आपल्याकडे खाड्या-तळ्यांवर माणसं ती हौसेने करतात. तिला लाँचीचे चार मार्ग जोडायचे. शहरातल्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकणारी मुलं आहेत, त्यांच्या प्रकल्पाला याहून खरा विषय कुठला? मेरीटाइम बोर्डाने मोजणाऱ्याला ओळखपत्र आणि कठड्याजवळची एक जागा दिली तरी पुष्कळ झालं. आणि कोळी बांधवांना यात पहिल्यापासून घ्या. पाण्यावर सूर मारणारे पक्षी बघून मासळीचा थवा ओळखणं हे त्यांचं पिढ्यांचं ज्ञान आहे. कुठल्या महिन्यात कुठे पक्षी पडायचे आणि आता पडत नाहीत, हे त्यांना विचारल्याशिवाय आपली वही अर्धीच राहील. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी काढते. माशांचा हिशेब आहे, माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांचा नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवता आले तर समुद्राबद्दल किती काय कळेल.

आणखी एक, थोडं दूरचं पण आपलंच. समुद्रपक्षी म्हणजे हिवाळी पाहुणे असं मुंबईकराला वाटतं. पण महाराष्ट्राच्या हद्दीत, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, ब्रायडल्ड टर्न हा खोल समुद्रावरचा सुरय वीण करतो. ॲलन ह्यूम हा ब्रिटिश पक्षीअभ्यासक १८७५ मध्ये तिथे उतरून पाहणी करून गेला, म्हणजे नोंदींचा धागा दीडशे वर्षांचा आहे. तो अखंड ठेवायचा तर दर मोसमात मोजणी हवी. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर दमून पडलेला सुरय सापडला की आपण फोटो काढतो, प्राणिमित्रांना फोन करतो, ते चांगलंच आहे. पण तो ज्यांच्यातला एक होता ते किती आहेत, हा प्रश्न वेंगुर्ल्याच्या खडकांवरच सुटायचा आहे.

पक्षी मोजण्याआधी माणसांचे प्रश्न सोडवा, असं कुणी म्हणेल तर मी त्यांना लाँचीचं तिकीट दाखवेन. त्याहून जास्त खर्च यात नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापासून पहिले कुरव बंदरात दिसू लागतात. या वर्षी मी दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या लाँचीने रेवसला जायचं ठरवलं आहे. डाव्या बाजूला, इंजिनापासून लांब बसेन. वहीत रकाने आखून झाले आहेत. मोजताना नजर पाण्यावरून काढता येत नाही, त्यामुळे लिहायला शेजारी आणखी एक माणूस लागेल.